टाकेमामांचे नऊ पोकळ बंपर

टाकेमामांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळूनसुद्धा पाहत नाहीत. ते नाव आता फक्त मतदारयादीला ठाऊक. बाकी अख्ख्या बंदराला ते टाकेमामा, कारण गाड्यांच्या फुटक्या बंपरला टाके घालणारा माणूस त्या टापूत एकच. बंपर म्हणजे गाडीचा पुढचा-मागचा ओठ. गाडी कुठे धडकली की पहिला मार त्यानं खायचा.

आणि टाके म्हणजे खरोखरचे टाके, बरं का. हल्लीचे बंपर प्लॅस्टिकचे. तडा गेला की इतर कारागीर म्हणतात, फेका भंगारात, नवा घाला. मामा बंपर उलटा करून मांडीवर घेतात, केसांच्या आकड्यासारखी वाकवलेली तांब्याची तार तापवतात आणि तडा दोन्ही अंगांनी कवेत येईल अशी ती प्लॅस्टिकमध्ये बुडवतात. मग बोटभर जागा सोडून दुसरी. मग तिसरी. त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून शिवण बुजवायची, घासायची, रंग मारायचा. पुढून पाहणाऱ्याला वाटावं, इथे कधी काही झालंच नव्हतं. मागून शिवण दिसते, पण बंपरच्या मागे डोकावून पाहतो कोण?

"मागून पाहतो कोण" हे मामांचं लाडकं वाक्य. तेच पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

टाके घालण्याची ही अक्कल मामांना गॅरेजात नाही आली, ती घरातली. वडील शिंपीकाम करायचे. मामाही मशीनवर बसायचेच होते. पण एकोणिसाव्या वर्षी रस्ता ओलांडताना एका गाडीनं त्यांना उडवलं. त्या काळचे बंपर लोखंडी, चकचकीत, तोंड पाहून भांग पाडावा असे. त्या आरशानं मामांच्या उजव्या नडगीचे दोन तुकडे केले. हाड जुळलं, पण पाय अर्धं बोट आखूड राहिला आणि पायमशीन चालवायला कायमचा नालायक ठरला. गाडीवाला निघाला गॅरेजचा मालक. माणूस पापभीरू. रोज दवाखान्यात येऊन उशाशी बसायचा आणि मामांपेक्षा जास्त कण्हायचा. शेवटी म्हणाला, "पोरा, तुझं मशीन माझ्यामुळे गेलं. माझ्याकडे ये, हातानं करायची कामं शिकवतो."

म्हणून मामा सांगतात, "माझा पाय बंपरनं मोडला आणि माझं पोटही बंपरनंच भरलं. रुसू कुणावर?"

वडिलांकडून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. एक टाका. दुसरा वडिलांचा नेम: कापड गिऱ्हाइकाचं, तशी कतरणही गिऱ्हाइकाची. शिवून उरलेला चिंधीएवढा तुकडासुद्धा वडील फेकायचे नाहीत. त्यावर खडूनं गिऱ्हाइकाची खूण करून गाठोड्यात ठेवायचे. काही वर्षांनी कुणी कोपर फाटलं म्हणून आला की त्याच कापडाचं ठिगळ हजर! मामांनी तोच नेम गॅरेजात नेला. बंपर बदलला तर जुना फुटका बंपर छताच्या आकड्याला टांगायचा, आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं गाडीचा नंबर लिहायचा. त्यांच्या दुकानात शिरलं की डोक्यावर बंपरांचं रान. उंच माणसानं वाकून चालायचं. मामी म्हणायची, "मेलेल्या गाड्यांची हनुवटी तेवढी जपून ठेवलीय यांनी."

आता बंदराचं गाव म्हटल्यावर जहाजातून जुन्या गाड्या उतरायच्या, देशोदेशीच्या. गंमत अशी की गाडी तीच, कंपनी तीच, साल तेच, पण तोंडं वेगळी. एकीची हनुवटी बाहेर आलेली. दुसरीचं नाक बसकं. एकीला नंबरप्लेटसाठी लांबट खड्डा, दुसरीला चौकोनी. एकीच्या कानशिलावर नारिंगी दिवे, तर दुसरीच्या ओठावर चकचकीत पट्टी. एकाच आईची लेकरं, पण एक मामाच्या वळणावर गेलेलं, दुसरं आत्याच्या.

असं का, हे कुणी विचारलं की मामांकडे उत्तर तयार.

"जशी माणसं तशी तोंडं. त्या देशातली माणसं हनुवटी पुढे काढून चालत असणार, म्हणून गाड्याही तशाच."

"आणि हे नारिंगी दिवे?"

"हौस हो. काही लोक कानात बाळी घालतात ना, तसं."

माणूस ठाम बोलला की लोकांना पटतं. मामांनाही स्वतःचं पटायचं.

पुढे एक कंटेनरवाला आला. त्यानं एका लोकप्रिय छोट्या गाडीचे नवेकोरे बंपर आणले, पण भलत्याच देशासाठी बनवलेले. नुसती बाहेरची कवचं. मामांनी एक लावून पाहिलं. थोडं रेटलं की नटबोल्ट जुळत होते. अडत होता फक्त आतला फोम. जुन्या बंपरच्या पोटात, कवच आणि लोखंडी दांडा यांच्या मधे, फोमचा एक लांब ठोकळा असायचा, काळा, हलका. नवं कवच त्याच्यावर बसेना. मामांनी विचार केला. टीव्ही येतो तेव्हा खोक्यात असलाच फोम असतो. गाड्या जहाजातून येतात. म्हणजे वाटेत आदळू नयेत म्हणून घातलेलं हे पॅकिंग! त्या लोकांनी काढायचं राहिलं असेल.

त्यांनी ठोकळा उपसला, कवच बसवलं आणि गिऱ्हाईक खूश. दोन दिवसांचं टाक्यांचं काम अर्ध्या तासात. वर गाडीला परदेशी तोंड. हळूहळू मामांचे टाके मागे पडले आणि बदलीच वाढली. वर्षाभरात त्या जातीच्या नऊ गाड्यांची तोंडं त्यांनी बदलली.

पण वडिलांचा नेम कसा सुटेल? नऊच्या नऊ ठोकळ्यांवर त्यांनी नंबर लिहिले आणि ठेवून दिले. ठेवले म्हणजे वापरात ठेवले. सहा दुकानात, उलट्या डब्यांवर बांधून, गिऱ्हाइकांना बसायला. एक पाण्याच्या पिंपाखाली. एक दाराला टेकू म्हणून. आणि नववा घरी, मामीच्या खुर्चीला, पाठीशी. मामी शाळेच्या भोजनघरात कामाला. दिवसभर उभी असायची, संध्याकाळी तो ठोकळा पाठीला लागला की म्हणायची, "एवढं एक काम तुम्ही चांगलं केलंत."

असं सुखात चाललेलं असताना नकाशेबाई आल्या.

खरं नाव त्यांचंही कुणी घेत नसे. तीस वर्षं परदेशातल्या मोटारीच्या कारखान्यात नकाशे काढायला होत्या, निवृत्त होऊन बहिणीच्या शेजारी राहायला आल्या, म्हणून नकाशेबाई. उंचपुऱ्या, पांढरे आखूड केस, खिशात कायम पेन्सिल. त्यांच्या गाडीचा कोपरा फाटकाला घासला होता.

"बसा ना बाई," मामांनी डबा पुढे सरकवला.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी वाकून डब्यावरचा ठोकळा पाहिला. अंगठ्यानं दाबला. मग दुसरा पाहिला. मग ज्याच्यावर मामा स्वतः बसले होते तो.

"कशावर बसलात तुम्ही?"

"फोमवर."

"फोमवर नाही बसलात, मामा. कुणाच्या तरी गुडघ्यावर बसलात."

मामा हसले. बाई हसल्या नाहीत. तेव्हा मामांचंही हसू अर्ध्यात थांबलं.

"पॅकिंग आहे ते," मामा म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता.

"पॅकिंगच आहे. फक्त गाडीचं नाही, माणसाचं." बाईंनी खिशातली पेन्सिल काढली आणि घासायला ठेवलेल्या एका बंपरवरच रेघा ओढायला सुरुवात केली. "हे बघा. गाडी एकच असते, पण प्रत्येक देशात तिला तिथल्या कायद्याची वेगळी सासू भेटते. एका देशातली सासू म्हणते, गाडी लावताना भिंतीला टेकली तर दिवे फुटता कामा नयेत, दुरुस्तीचा भुर्दंड बसता कामा नये. मग आम्ही बंपर जाड करायचो आणि पुढे काढायचो."

"ती हनुवटी!"

"तीच. दुसऱ्या देशातली सासू म्हणते, गाडीचं काय व्हायचं ते होवो, रस्त्यानं चालणाऱ्याचा पाय वाचला पाहिजे. तिथे कवचामागे हा फोम. पायाला गाडी लागली की आधी हा दबतो. आणि खाली एक ताठ पट्टी, म्हणजे माणूस चाकाखाली न जाता वर बॉनेटवर कलंडतो."

"आणि नंबरप्लेटचा खड्डा?"

"कुठे पाटी लांब, कुठे बुटकी. पाटी सरकारची, खड्डा आम्ही पाडायचा."

"नारिंगी दिवे?"

"एका देशाचा कायदा. अंधारात गाडी बाजूनंही दिसली पाहिजे. एका ठिकाणी तर गाडीच्या लांबीवर कर होता. तिथे आम्ही एकेक बोट करून नाक कापलं."

"आणि ती चकचकीत पट्टी?"

"ती सासूची नाही. ती नवऱ्याची, म्हणजे गिऱ्हाइकाची हौस," बाई म्हणाल्या आणि आता मात्र जराशा हसल्या. "तीस वर्षं एवढंच केलं मी. एका गाडीला सात देशांची सात तोंडं. माझी बहीण विचारायची, अगं पण तू नेमकं करतेस काय? हेच करत होते."

मामांनी हळूच विचारलं, "मग नव्या कवचात हा बसत का नाही?"

"कारण त्या कवचाचा फोम वेगळा आणि दांडाही वेगळा. कवच, फोम, दांडा, तिघांचं एक कुटुंब असतं. तुम्ही सून आणलीत परक्या घरची आणि तिला अडचण होते म्हणून दिराला घराबाहेर काढलंत." मग बाईंनी त्यांना दुकानाबाहेर नेलं. स्वतःच्या गाडीच्या बंपरवर मधोमध बोटाच्या पेरानं ठोकलं. थप्, असा भरीव आवाज आला. "लक्षात ठेवा हा आवाज."

नेमकी तेव्हाच शाळा सुटली होती. मामी हातात पिशवी घेऊन समोरचा रस्ता ओलांडत होती. वळणावरून सलूनवाल्याची गाडी आली, परदेशी तोंडाची, नऊपैकी चौथी. ब्रेक करकचून लागला आणि गाडी मामीच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"डोळे काय दुकानात ठेवून आलास का रे?" मामीनं त्याला भर रस्त्यात झाडला आणि ती तरातरा चालायला लागली.

त्या ओठामागे काय आहे ते मामांना चांगलं ठाऊक होतं. हवा आणि तिच्यामागे लोखंड. ज्याची नडगी लोखंडानं मोडली त्याच माणसानं नऊ गाड्यांची मऊ पोटं उपसून लोखंड मोकळं करून ठेवलं होतं. ते दुकानात येऊन डब्यावर बसायला गेले, डब्याकडे पाहिलं आणि जमिनीवरच बसले.

"बाई, आता?"

"फोम नसेल तर मी काही—"

"फोम आहेत. नऊच्या नऊ. नंबरासकट. आणि जुने बंपरही." मामांनी वर बोट केलं.

नकाशेबाईंनी मान वर करून ते रान पाहिलं. एकेका बंपरच्या पोटात पांढऱ्या रंगानं लिहिलेले आकडे वाचले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"वडिलांनी. शिंपी होते."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," बाई म्हणाल्या. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, पण मामांनी तो त्याच दिवशी पोचवला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात एकच काम. छतावरून जुने फुटके बंपर उतरवायचे, त्यांना टाके घालायचे आणि गाडीचं तोंड, फोम आणि दांडा पुन्हा एकत्र नांदवायचं. दर वेळी खरं काय ते सांगायचं आणि पैसा घ्यायचा नाही. हात सवयीतून गेला होता. पहिल्या दिवशी दोन तारा जास्त तापल्या आणि प्लॅस्टिकला भोकं पडली. तिसऱ्या दिवशी लय सापडली. मामा मामीला म्हणाले, "इतक्या दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं गं. मधे मी नुसताच विकत होतो."

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर जितकी माणसं तितक्या तऱ्हा. दातांचे डॉक्टर ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, "मामा, मीसुद्धा एकदा चांगला दात काढलाय. आणा गाडी आत." संगीताच्या बाईंनी ठोकून दाखवल्याबरोबर फरक ओळखला, म्हणाल्या, "अगोबाई, हा तर फुटक्या तबल्यासारखा वाजतोय." सलूनवाला मात्र अडून बसला.

"मी नाही देणार. जुनं तोंड म्हणजे चिंचोके चघळणाऱ्या म्हातारीचं. हे बघा, नारिंगी दिवे! लोक विचारतात, कुठून आणली?"

"अरे, मागे पोकळ आहे."

"मागून पाहतो कोण? तुम्हीच म्हणायचात."

मामांना स्वतःचं वाक्य असं तोंडावर येऊन आदळलं. त्यांनी सलूनच्या खुर्चीवर बसून उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर तो जुना, वाकडा, चंद्रकोरीसारखा व्रण. सलूनवाल्यानं वर्षानुवर्षं मामांचे केस कापले होते, पण लंगडण्याचं कारण कधी विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी वीतभर राहिली होती," मामा म्हणाले. "तुझी मामी आहे ती."

सलूनवाल्यानं कात्री ठेवली आणि किल्ली काढून दिली. "दिवे तेवढे जुन्यात बसवता येतील का?"

"बाईंना विचारतो," मामा म्हणाले. बाईंनी जागा आखून दिली. दिवे बसले.

असे अकरा दिवसांत आठ झाले. राहिला नववा. त्याचा फोम मामीच्या पाठीशी. गाडी होती पोस्टमास्तरांची, पण त्यांची बदली झाली होती आणि जाताना गाडी विकलेली. कुणाला, ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. मामांनी पोस्टात विचारलं, पेट्रोल पंपावर विचारलं, टायरवाल्याला विचारलं. शेवटी पत्ता लागला बेकरीचा. बेकरीवाली ताई रोज सकाळी त्याच गाडीतून दुकानादुकानांत पाव पोचवायची.

मामांनी सगळं सांगितल्यावर ताईनं तोंडावर पिठाचाच हात ठेवला.

"मामा, गेल्या आठवड्यात, गुरुवारी. गाडी अगदी हळू होती हो. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळवाले काका एकदम खाली उतरले. टेकली त्यांना. काठी मोडली त्यांची. उठले स्वतःच, मला चार शब्द सुनावले आणि गेले. मी दोनदा गेले बघायला, पण दुकान बंद."

गुरुवार. म्हणजे बाईंनी सांगितल्यानंतर दोन दिवसांनी. मामांनी जी गिऱ्हाइकं हाताशी होती ती आधी धरली होती. जी गाडी शोधायला कष्ट पडले असते ती मागे ठेवली होती. ते तसेच निघाले. बेकरीपासून घड्याळाचं दुकान दहा मिनिटांवर, पण मामा सांगतात, "पाय मोडला होता तेव्हाही एवढा लांब रस्ता मी चाललो नाही."

दुकान उघडं होतं. ऐंशीचा म्हातारा, डोळ्याला भिंग, डावा पाय समोरच्या स्टुलावर आडवा. मामांना पाहताच त्यानं भिंग काढलं नाही, आवाज काढला.

"तू बंपरवाला ना? आधीच सांगून ठेवतो. तडा गेला असेल तर तो माझ्या काठीनं गेला आणि त्याचा छदामही मिळणार नाही! उलट माझी काठी भरून द्या!"

"काका, मी बंपरचं बोलायला नाही आलो. तुमचा पाय बघायला आलोय."

"लोक पाया पडायला येतात. बघायला येणारा तू पहिला."

मामा खाली बसले. गुडघ्यावर लिंबाएवढं टेंगूळ, नडगी निळी-हिरवी. त्यांनी स्वतःच्या मोडक्या पायाच्या अनुभवानं हाडावरून अंगठा फिरवला, हळूहळू, वरून खाली.

"हाड शाबूत आहे," काका म्हणाले. "फोटो काढून झाला. डॉक्टर म्हणाला, नशीब, गाडी जवळजवळ थांबलीच होती. आठ दिवस घरी बसवलं मला. तू का रडतोयस?"

मामांनी सांगितलं. पहिल्यापासून सगळं. पॅकिंग, डबे, नऊ नंबर, गुरुवार. भिंतीवरची वीसेक घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती.

"तुझा कशानं मोडला?" काकांनी मामांच्या पायाकडे हनुवटी केली.

"लोखंडी बंपरनं. एकोणिसाव्या वर्षी."

"आणि तरी?"

"तरी."

काकांनी भिंग काढलं, पुसलं, टेबलाचा खण उघडला. आतून औषधाची एक जुनी बाटली काढली. तिच्यात एकच स्क्रू होता, मोहरीएवढा. "शिकत होतो तेव्हा एक घड्याळ जुळवलं. हा उरला. घड्याळ चालत होतं, म्हणून म्हटलं, जास्तीचा असणार. गुरूला विचारायची लाज वाटली. महिन्यानं ते घड्याळ बंद पडलं, तोवर माणूस गाव सोडून गेलेला. त्याला शोधायला मी कधी गेलो नाही. साठ वर्षं झाली." त्यांनी बाटली परत ठेवली. "तू आला नसतास तर मला काही कळणार नव्हतं."

"म्हणूनच आलो, काका."

"बरं केलंस. आता रडू नको, आणि माझी काठी नीट कर. टाके घालतोस ना?"

लाकडाला मामांनी आयुष्यात कधी टाका घातला नव्हता. पण त्या काठीला घातला. तडा तिरका होता. त्यात सरस भरला, बारीक भोकं पाडली, तांब्याची तार ओवली आणि वरून घट्ट गुंडाळली. काठी पहिल्याहून देखणी झाली.

त्या संध्याकाळी मामीच्या खुर्चीचा ठोकळा सुटला. "घ्या," ती म्हणाली. "माझी पाठ दुखली तर मी ओरडेन. दुसऱ्याचा गुडघा दुखला तर तो कुणाकडे ओरडणार?" आणि लगेच पुढे, "पण उशी आणायची. आजच." मामांनी उशी आणली. नववा बंपर दुसऱ्या दिवशी बसला. मामा, नकाशेबाई आणि बेकरीवाली ताई, तिघांनी आळीपाळीनं ठोकून पाहिला. थप्. थप्. थप्. ताईनं त्या आनंदात दुकानात पाव वाटले आणि मामांनी उभ्यानंच खाल्ले, कारण बसायला आता काही उरलंच नव्हतं.

मामांनी मग एक लाकडी बाक करून घेतला. त्याच्यावर बसलं की पाच मिनिटांत माणूस चुळबुळायला लागतो. कुणी कुरकुर केली की मामा ही सगळी कथा पहिल्यापासून सांगतात आणि शेवटी हिशेब केल्यासारखं बोटांवर मोजतात: ज्यानं मशीनवरून उठवलं तो गॅरेजमालक, ज्यांनी कतरण जपायला शिकवलं ते वडील, ज्या डब्यावर बसल्या नाहीत त्या नकाशेबाई, वीतभर आधी लागलेला सलूनवाल्याचा ब्रेक. "आणि घड्याळवाल्या काकांचं हाड," ते म्हणतात. "त्या म्हाताऱ्या हाडाचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की रोज सकाळी त्याची चौकशी केल्याशिवाय मी तार तापवत नाही."

चौकशीला जावं लागत नाही म्हणा. काकाच येतात. मामांनी त्यांना एकदा पोकळ आणि भरीव आवाज ऐकवला आणि तिथेच चूक केली. साठ वर्षं घड्याळाच्या पोटातली धडधड ऐकलेला कान तो. आता काका बाजाराला निघाले की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या ओठावर टाके घातलेली काठी हलकेच ठोकत जातात. थप्. थप्. गाडीवाले आधी भांडायला धावले, मग सवयीचे झाले. मधे एकदा टप् असं पोकळ वाजलं. गाडी मामांकडची नव्हती, दुसऱ्याच कुणा गॅरेजात तोंड बदललेली. काका तिच्या मालकाला दंडाला धरून मामांच्या दारात घेऊन आले.

"मामा, ह्याचा रिकामा आहे रे!"

मामांनी हातातली तार खाली ठेवली. मालक बिचारा पार गोंधळलेला, हा म्हातारा आपल्याला कुठे आणि का घेऊन आला हेच त्याला कळेना.

"या, या," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पाहुणा आल्यासारखा फुलला होता. "बाक जरा टोचतो. पण बसा. तुमचा जुना बंपर कुणी ठेवलाय का, ते आधी शोधू."